आमिष : एक नग

द्वारकाबाईनं शेळी आणून दिली दिवस कलताना.
दोर माझ्या हातात दिला, पण सोडला नाही लगेच.
"तिले थंडी वाजस भाऊ,
हाई गोणपाट ऱ्हाऊ द्या तिना आंगवर."
मी राहू दिलं.

मचाण म्हणजे केळी वाहायची ट्रॉली,
वरून वाळलेली पानं, आत सतरंजी, थर्मास.
पाहुणे आधीच चढून बसले होते.
ते मला ट्रॅकर म्हणतात.
हजेरीपत्रकावर मी वनमजूर आहे,
सायसिंग गेंद्या पावरा, रोजंदारी.

काम एवढंच :
दिसला की त्यांचा खांदा दाबायचा. एकदा.
बोलायचं नाही, खोकायचं नाही.
बोलले तेच, कुजबुजत :
आफ्रिकेत म्हणे हरणाची तंगडी झाडाला टांगतात,
समोर गवताची खोपी करून बसतात,
आणि जनावर घड्याळ लावल्यासारखं येतं.
ओंजळीत उजेड झाकून त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला.
पिवळ्या गवतात ते गुडघ्यावर,
पुढ्यात बिबट्या, डोळे मिटलेला, दुपारी डुलकी लागल्यासारखा.
कडेला एक काळा माणूस, फोटोत अर्धाच आलेला.
याचं नाव काय, मी विचारलं.
ते म्हणाले, ट्रॅकर होता.

बाराला लाईट आली.
अनेरच्या काठापर्यंत मोटारी घुमायला लागल्या,
ठिबकच्या नळ्यांत पाणी सरकलं.
गोणपाटातली शेळी रवंथ करत बसली होती,
एकदाही ओरडली नाही ती रात्रभर.
पाहुण्यांना तिचा राग येत होता.

तो आला तेव्हा टिटवी उठली नाही.
केळीच्या दोन ओळींमधला अंधार जरा दाट झाला
आणि वाकला,
नळीचा जॉइंट गळतो तिथं.
घरची मांजर ताटलीतलं पाणी पिते तोच आवाज,
जीभ तेवढी मोठी.
शेळीनं रवंथ थांबवलं.
पुन्हा सुरू केलं.
पाहुणे उजवीकडे बघत होते, नाल्याच्या बाजूला.

रेमलीची जमना सात वर्षांची होती.
आई घडांना पिशव्या घालत होती, चार ओळी पलीकडे.
त्या ठशात प्लास्टर मीच ओतलं,
पुढच्या डाव्या पंजाला एक बोट कमी.
ते वाळेपर्यंत बसून राहिलो.
शेजारी चप्पल होती, निळी,
अंगठा सुतळीनं बांधलेला.

आणि आता वीस पावलांवर तो,
अंधारात बोटं मोजता येत नाहीत.
हात उचलला होता मी.
खांद्यापासून वीतभर.
तोच असला तर.
तो नसला तर.
सातपुड्यातून खाली उतरणारी वाट काय एकाच्याच मालकीची आहे?
वीत इतकी लांब असते हे ठाऊक नव्हतं मला.
हात भरून आला, थरथरला,
तरी पुढेही गेला नाही, मागेही आला नाही.

पिऊन झाल्यावर त्यानं तोंड वर केलं,
मिशांवरचं पाणी झटकलं,
आणि बाग त्याच्यामागे मिटली.

सकाळी पाहुणे म्हणाले, आज नशीब नव्हतं.
रेंज ऑफिसात फॉर्म भरला.
आमिष : एक नग. रंग : करडा. किंमत.
'परत' असा रकानाच नाही.
बाबू म्हणाला, मेली लिही, सोपं जातं.

द्वारकाबाईनं कानांपासून शेपटीपर्यंत हात फिरवून पाहिला,
मग गोणपाट झटकून घडी केलं, काखेत घेतलं
आणि दोन रात्रींचं भाडं मागितलं.
एकच रात्र झाली, मी म्हणालो.
"तुले," ती म्हणाली.

मग मी गळक्या जॉइंटपाशी गेलो.
उशीर झाला होता. आमच्याच मचाणाची ट्रॉली
घड भरून बाहेर पडली होती त्या चिखलातून.
चाकांच्या दोन पट्ट्यांमध्ये एक पंजा उरला होता,
स्वच्छ, पाणी साचलेला.
मागचा.

चार ओळी पलीकडे पिशव्यांचा आवाज येत होता.
मी वर बघितलं नाही.